नजर समोर ठेवणारा ठिपका

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला, ‘नजर’. दृष्ट लागण्यापासून दृष्टिकोनापर्यंत काहीही चालेल, असंही वर सांगितलं. माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होती ती पिस्तुलाची नजर. हल्ली कमांडोंच्या बातम्यांमधले फोटो नीट पाहिले, तर त्यांच्या पिस्तुलाच्या पाठीवर नखाएवढ्या काचेची एक खिडकी दिसते. पूर्वी ती नसायची. तिला ‘रेड डॉट साइट’ म्हणतात. खिडकीतून पाहणाऱ्याला काचेत एक लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथे, गोळी तिथे. एवढीशी वस्तू, पण पिस्तुलावर टिकण्याजोगी व्हायला तिला कित्येक दशकं लागली. ती का लागली याचा शोध घ्यायला पुण्याइतकं सोयीचं शहर नाही. इथे बालेवाडीला पिस्तुलाचे नेमबाज घडतात, पाषाणला शस्त्रांचे आराखडे होतात आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून काडतुसं बनतात.

तीन अंतरं, एक डोळा

सुरुवात बालेवाडीपासून केली. श्री शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली, २००८ मध्ये इथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथल्या नेमबाजी संकुलात दहा मीटरच्या हॉलमध्ये एअर पिस्तुलांचा कोरडा ‘टप्, टप्’ आवाज सतत चालू असतो. एक मुलगी उभी आहे. डावा हात खिशात, उजवा हात खांद्यापासून सरळ पुढे. पिस्तूल वर जातं, हळूहळू खाली येतं, क्षणभर स्थिरावतं आणि गोळी न सुटताच टेबलावर परत ठेवलं जातं. मनासारखा नेम जमला नाही, की चाप ओढायचाच नाही, हे इथलं पहिलं शिक्षण.

तिच्या पिस्तुलावर काच नाही, बॅटरी नाही. मागे चौकोनी खाच, पुढे नळीच्या टोकाशी उभी पट्टी. जुने लोक पुढच्या पट्टीला ‘माशी’ म्हणतात, मुलं ‘फ्रंट साइट’ म्हणतात. खाचेत माशी बरोबर मध्ये धरायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा, दोन्हींची वरची कड एका रेषेत आणायची आणि ही सगळी जुळणी लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाखाली पांढऱ्या भागात धरायची. अडचण अशी, की खाच हाताच्या अंतरावर, माशी तिच्या थोडी पुढे आणि लक्ष्य दहा मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून प्रशिक्षक शिकवतात, की माशी रेखीव दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. नवख्या मुलाला हे पचत नाही. जे मारायचं तेच धूसर ठेवायचं, हे मनाच्या ओढीविरुद्ध आहे.

माशीकडे एवढं लक्ष का, हे साध्या त्रैराशिकाने कळतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलावर खाच आणि माशी यांत साधारण ३६ सेंटिमीटरचं अंतर असतं. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळपास २८ मिलिमीटर सरकतो. दहा गुणांचं वर्तुळ असतं ११.५ मिलिमीटर व्यासाचं. पोलिसाच्या कमरेच्या पिस्तुलावर हेच अंतर जेमतेम १६–१७ सेंटिमीटर भरतं. तिथे एक मिलिमीटरची चूक पंचवीस मीटरवर पंधरा सेंटिमीटरची होते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या, धातूच्या साइटला परवानगी आहे. दुर्बीण, आरसा, लेसर, विजेवर उमटणारा ठिपका, सगळं निषिद्ध. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते याच खाच-माशीच्या जोरावर. खेळापुरता हा नियम मला योग्य वाटतो. तिथे डोळा, श्वास आणि बोट यांची परीक्षा घ्यायची असते. ती सोपी केली तर खेळाचं मर्मच जाईल.

पोलिसाच्या पिस्तुलापुढे मात्र छापील वर्तुळ नसतं, माणूस असतो. तो हलतो, वळतो, खिशात हात घालतो. त्याच्या हातात मोबाइल आहे की हत्यार, हे ठरवायला निमिषभर वेळ मिळतो. अशा वेळी पोलिसाची नजर माशीवर खिळलेली आणि समोरचा माणूस धूसर, ही अवस्था फार धोक्याची. पोलिसाला धोक्याची आहेच, पण निरपराध नागरिकाला त्याहून जास्त. लाल ठिपक्याचं खरं मोल इथे आहे. ठिपका दूरवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे डोळा समोरच्या माणसावरच स्थिर राहतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि ठिपका आपोआप त्या दृश्यात येऊन बसतो. चाळिशी ओलांडलेल्या हवालदाराला तर हे वरदानच. त्याला हाताच्या अंतरावरची माशी चष्म्याशिवाय रेखीव दिसणं केव्हाच बंद झालेलं असतं.

डब्लिनचा कारागीर आणि पुण्याची दुर्बीण

या ठिपक्यामागची कल्पना बॅटरीच्या युगातली असावी, असं वाटतं. ती त्याहून बरीच जुनी आहे. १९०० मध्ये डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांनी बंदुकीसाठी अशी साइट सुचवली, की पारदर्शक काचेवरून परावर्तित होणारी खूण नेमबाजाला दूरच्या लक्ष्यावरच टेकलेली दिसावी. डोळा थोडा इकडे-तिकडे झाला, तरी खूण लक्ष्यावरून हलू नये. आजच्या प्रत्येक रेड डॉटचं तत्त्व हेच आहे.

ग्रब हे नाव पुण्याला परकं नाही. संगमाजवळच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला या खगोलशास्त्रज्ञाने ती चालवली. तिथली मोठी परावर्तक दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातून आलेली. पुढे ती वीस इंची दुर्बीण म्हणून ओळखली गेली आणि तिच्या काळात ती भारतातली सर्वांत मोठी होती. जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपला चमू घेऊन जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ताऱ्याचा प्रकाश आरशाने एका बिंदूत गोळा करणं आणि एका बिंदूतला प्रकाश आरशाने दूर ताऱ्यासारखा भासवणं, ही एकाच प्रकाशविद्येची दोन टोकं आहेत. पुण्याने यातलं पहिलं टोक सव्वाशे वर्षांपूर्वी हाताळलं होतं. ती वेधशाळा चालू राहिली असती, तर या शहरात काच घासण्याची आणि आरसे तपासण्याची एक परंपरा रुजली असती, याची हळहळ मला फार वाटते.

ग्रब यांच्या कल्पनेला आधी विमानांनी उचललं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत परावर्तक साइट सर्रास होत्या. हातातल्या शस्त्रावर ती यायला मात्र लहान, गार आणि काटकसरी दिवा हवा होता. तो एलईडीने दिला. १९६२ मध्ये दृश्य प्रकाशाचा एलईडी तयार झाला आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडीवर चालणारी पहिली रेड डॉट साइट बाजारात आणली. ती नळकांड्यासारखी होती, शिकारीच्या रायफलीवर शोभणारी.

काचेत काय चालतं

एका मित्राकडे एअरगनवर लावायची स्वस्त रेड डॉट साइट होती. ती घेऊन टेबलावर बसलो. अंगठ्याएवढी काळी चौकट, पुढे किंचित तिरकी काच, मागे तळाशी खोबणीत एक बारीक एलईडी. डोळ्यासमोर धरली, तर खिडकीबाहेरच्या आंब्याच्या पानावर लाल ठिपका बसलेला. उलटी करून पुढून पाहिली, तर काच लालसर चमकते आणि ठिपका नाहीसा. सिनेमात छातीवर फिरणारा लाल बिंदू असतो तो लेसरचा. तो लक्ष्यावर खरोखर पडतो आणि सगळ्यांना दिसतो. रेड डॉटमध्ये लक्ष्यावर काहीच पडत नाही. ठिपका फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

ती काच आतून किंचित वक्र असते आणि एलईडी बरोबर तिच्या नाभीवर बसवलेला असतो. नाभीतून निघालेले किरण वक्र आरशावरून परत येताना समांतर होतात. समांतर किरण डोळ्याला फार दूरवरून आल्यासारखे वाटतात, म्हणून ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर भासतो. काचेवर फार पातळ थरांचा लेप असतो. तो लाल रंगाचा ठरावीक पट्टा परत फेकतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. त्यामुळेच अशा साइटमधून जग थोडं निळसर-हिरवट दिसतं. लाल रंग निवडण्यामागे हाही हिशेब आहे: दृश्य प्रकाशाच्या टोकाचा थोडासा भाग गाळला, की बाहेरचं चित्र फारसं काळवंडत नाही. हिरव्या रंगाला डोळा जास्त संवेदनशील असतो खरा, पण हिरवा एलईडी बॅटरी जास्त खातो.

खिडकीच्या कडेला डोळा नेला तेव्हा मित्राच्या साइटमधला ठिपका पानावरून जरासा घसरला. स्वस्त मालात हा दोष हमखास असतो. साधी वक्र काच तिरकी बसवली, की कडेचे किरण नीट समांतर होत नाहीत. चांगल्या साइटमध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवून परावर्तक थर मध्ये ठेवतात, म्हणजे कडेची चूक बरीचशी सुधारते. ठिपक्याचं माप कोनात मोजतात, मिनिटांत. तीन मिनिटांचा ठिपका पंचवीस मीटरवर सुमारे २२ मिलिमीटरचा भाग झाकतो, सहा मिनिटांचा ४४. मोठा ठिपका लवकर सापडतो, लहान ठिपका बारीक नेम देतो. ज्याचं त्याने काम पाहून ठरवावं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. डोळ्यात दृष्टिवैषम्य असेल, तर ठिपका गोल दिसत नाही, फुटलेल्या फटाक्याच्या ठिणग्यांसारखा फाकलेला दिसतो. लोक साइटला दोष देऊन परत करतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याच ठिपक्याचा फोटो काढावा. फोटोत तो गोल आला, तर तपासणी डोळ्यांची करायला हवी.

स्लाइडचा मार

रायफलीवर रेड डॉट रुळली, पिस्तुलावर मात्र ती टिकेना. कारण पिस्तुलाच्या रचनेतच आहे. गोळी सुटली, की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सगळा पोलादी भाग, झपकन मागे जातो, आदळतो, पुन्हा पुढे येऊन आदळतो. दर गोळीला दोन धक्के, तेही विरुद्ध दिशांनी. त्या स्लाइडवर काच, एलईडी, सर्किट आणि बॅटरी बसवायची म्हणजे नाजूक यंत्राला हातोड्याच्या टोकावर राहायला सांगणं. १९९० च्या आसपास वेगवान स्पर्धांतल्या नेमबाजांनी यातून वाट काढली. साइट स्लाइडवर न बसवता ब्रॅकेट लावून पिस्तुलाच्या स्थिर सांगाड्यावर बसवली. स्पर्धेत त्याचा मोठा फायदा झाला, पण असलं अवजड पिस्तूल कमरेच्या म्यानात घालून कोणी गस्तीवर जाऊ शकत नव्हतं.

पुढे आकार लहान झाला आणि साइट स्लाइडवर चढली. मग एकेक दुखणी बाहेर आली. इथून पुढची सगळी सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात ठिपका जवळपास तसाच राहिला. सुधारत गेलं ते त्याच्या भोवतालचं सगळं.

पहिलं दुखणं काचेचं. पिस्तूल जमिनीवर पडलं, की सर्वांत वर असलेली काच फुटणार. अमेरिकेतल्या ट्रिजिकॉन कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या आरएमआर साइटच्या चौकटीला वर दोन्ही कोपऱ्यांत उंचवटे आणि मध्ये खोलगट वळण दिलं. वरून मार बसला, तर तो कोपऱ्यांतून बाजूच्या भिंतींत उतरतो, काचेच्या माथ्यावर येत नाही. चौकटीचा आकारच चिलखत झाला. नंतर मोठ्या खिडकीच्या साइट आल्या. त्यांत ठिपका चटकन सापडतो, पण खिडकी जेवढी मोठी तेवढी चौकट नाजूक. हा सौदा अजून सुटलेला नाही.

दुसरं दुखणं बॅटरीचं. सुरुवातीच्या अनेक साइटमध्ये बॅटरी तळाला होती. ती बदलायची, तर साइटच पिस्तुलावरून उतरवावी लागे आणि पुन्हा बसवल्यावर नेम जुळला आहे ना, हे गोळ्या झाडून पाहावं लागे. शिवाय धक्क्यांनी बॅटरी तिच्या पत्र्यांवरून पळभर उचलली जाई आणि ठिपका लुकलुकत असे. काहींनी पत्र्यांची स्प्रिंग कडक केली, काहींनी बॅटरीचं झाकण वर किंवा बाजूला आणलं. बाजूचं झाकण दिसायला क्षुल्लक वाटतं, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते सर्वांत मोठं पाऊल. शस्त्रागारात बसून नाण्याने झाकण उघडायचं, नवी बॅटरी घालायची, काम झालं. एलईडी आणि सर्किट इतकी काटकसरी झाली, की एमपॉइंटच्या ॲक्रो पी-२ या साइटला एका बॅटरीवर ५०,००० तास मिळतात. म्हणजे न विझवता साडेपाच वर्षांहून जास्त. काही कंपन्यांनी हालचाल ओळखणारा संवेदक बसवला. पिस्तूल खणात पडून असलं की ठिपका झोपतो, उचललं की जागा होतो.

उजेडाचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. भोवतालचा उजेड मोजून ठिपका आपोआप कमी-जास्त करण्याची सोय आली, तेव्हा सगळ्यांना ती आवडली. पण पोलीस अंधाऱ्या जिन्यात उभा आहे आणि समोरच्या खोलीत लख्ख दिवा आहे, अशा वेळी संवेदक पोलिसापाशी अंधार मोजतो आणि ठिपका मंद करतो. पांढऱ्या उजेडात मंद ठिपका पार बुडून जातो. पिस्तुलाखालच्या टॉर्चनेही असंच होतं. म्हणून बरेच जाणकार आजही हाताने उजेड ठरवणं पसंत करतात. दोन बटणं, ठिपका थोडा जास्तच तेजस्वी ठेवायचा आणि विसरून जायचं. इथे यंत्राच्या हुशारीपेक्षा माणसाचा अंदाज भरवशाचा ठरतो, असं माझंही मत आहे.

तिसरं दुखणं जोडणीचं, आणि हेच सर्वांत दुर्लक्षित. ग्लॉक कंपनीने २०१५ मध्ये अशी पिस्तुलं आणली, ज्यांच्या स्लाइडला साइटसाठी कारखान्यातच खाच कापलेली असते आणि वेगवेगळ्या साइट बसाव्यात म्हणून मध्ये जोडपट्टी असते. २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडलेलं एम-१७ पिस्तूलही साइटच्या तयारीनिशी आलं. पट्टीने सोय झाली, पण प्रत्येक पट्टी म्हणजे आणखी एक सांधा, आणखी दोन स्क्रू. सांध्यात केसाएवढी ढील राहिली, तर धक्क्याचा सगळा भार त्या बारीक स्क्रूंवर येतो. ते सैल होतात, कधी तुटतात. खुंट्या आणि खाच अशी बसायला हवी, की धक्का त्यांनी झेलावा आणि स्क्रूंनी फक्त धरून ठेवावं. शस्त्र सांभाळणारी माणसं स्क्रूच्या डोक्यावरून चौकटीवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरला. रोज एक नजर टाकली की पुरतं. २०२५ मध्ये ग्लॉक आणि एमपॉइंट यांनी मिळून पट्टीला फाटा देणारी पाचरीची जोडणी आणली: साइट पुढे अडकते, मागून पाचरीने घट्ट दाबली जाते. इतक्या वर्षांच्या तक्रारींचं हे उत्तर आहे.

पावसाची परीक्षा

मित्राच्या साइटवर मी एक प्रयोग केला. बोट पाण्यात बुडवून एक थेंब मागच्या एलईडीच्या खोबणीत सोडला. ठिपक्याची जागा लाल डागाने घेतली, मग डागाचे दोन तुकडे झाले. कोरड्या फडक्याच्या टोकाने थेंब टिपेपर्यंत साइट निरुपयोगी. अशा साइटला उघडी साइट म्हणतात. एलईडी आणि काच यांच्या मधली वाट हवेला, पाण्याला, धुळीला मोकळी असते. आता मुळशी, लोणावळा, ताम्हिणीचा जुलै आठवा. किंवा मे महिन्यातली पुण्यातल्या बांधकामांची धूळ. आपल्या हवेत उघडी साइट म्हणजे अडचणीला आमंत्रण.

२०१९ मध्ये एमपॉइंटने ॲक्रो आणली ती बंद पेटीच्या रूपात. पुढे एक काच, मागे एक काच, एलईडी आत, चारही बाजूंनी सील. पाणी पडलं तर बाहेरच्या काचेवर पडतं, ठिपका शाबूत राहतो, काच अंगठ्याने पुसता येते. नंतर ट्रिजिकॉन, होलोसन अशा इतर कंपन्यांनीही बंद साइट काढल्या. किंमत आणि वजन वाढतं. ॲक्रो सुमारे ६० ग्रॅमची, आरएमआर त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि स्लाइडवर वाढलेला प्रत्येक ग्रॅम तिच्या वेगावर परिणाम करतो. तरीही महाराष्ट्रासारख्या प्रदेशात कर्तव्यावरच्या पिस्तुलासाठी बंद साइटच घ्यावी, यात मला शंका नाही. एक त्रास तिलाही आहे. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरलं, की चष्म्यावर धरतं तसं बाहेरच्या काचेवर बाष्प धरतं. त्यासाठी लेप मिळतात, ते नेमाने लावावे लागतात. शिवाय साइट बंद पडलीच, तर खिडकीतून दिसेल अशी उंच खाच-माशी स्लाइडवर हवीच.

पाषाणची भिंत

पाषाणला एआरडीई, म्हणजे आयुध संशोधन व विकास आस्थापना, उंच भिंतींआड आहे. सामान्य माणसाला आत प्रवेश नाही आणि तो नसावाच. इन्सास रायफलीचा आराखडा याच संस्थेचा. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेलं ‘अस्मी’ हे देशी बनावटीचं पहिलं मशीन पिस्तूल महूच्या इन्फन्ट्री स्कूलने आणि एआरडीईने मिळून विकसित केलं. त्यामागचं प्रमुख नाव लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं. चार महिन्यांत ते उभं राहिलं. वरचा भाग विमानात वापरतात त्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, वजन दोन किलोच्या आत, आणि चापाचे काही भाग थ्रीडी छपाईने घडवलेले. ते हैदराबादच्या लोकेश मशीन्समध्ये बनतं. २०२४ मध्ये सैन्याच्या नॉर्दर्न कमांडने ५५० नग घेतले.

अस्मीच्या माथ्यावर साइट बसवण्यासाठी पट्टी आहे. एआरडीईच्याच आराखड्यावरून कानपूरला बनणाऱ्या ५.५६ × ३० मिलिमीटरच्या जेव्हीपीसी कार्बाइनलाही ती आहे. आराखडा कागदावर असतानाच इथल्या शस्त्रकारांनी ठिपक्याची जागा राखून ठेवली. या शस्त्रांत माथ्याची पट्टी स्थिर असते. आतला बोल्ट मागे-पुढे होतो, साइट जागच्या जागी राहते. साध्या पिस्तुलाच्या स्लाइडवर बसणारे धक्के तिला सोसावे लागत नाहीत. देशी साइट बनवायला सुरुवात करायची, तर हीच सोपी पायरी आहे. इथे जमलं, की मग स्लाइडवर चढावं.

प्रकाशविद्येची संरक्षण प्रयोगशाळा आणि इंडिया ऑप्टेल ही सरकारी कंपनी, दोन्ही डेहराडूनला. शस्त्राचा आराखडा पुण्याला. साइट आणि शस्त्र यांच्या मधला तो सांधा, म्हणजे खाच, खुंटी, पाचर, स्क्रू, हे खरं तर भोसरी आणि चाकणच्या वर्कशॉपचं काम. मोटारीच्या इंजिनाचे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काटेकोर कापणारी यंत्रं आणि ती चालवणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. सांधा सैल राहिला, तर जगातली सर्वोत्तम काचही काही उपयोगाची नाही, आणि सांधा घट्ट करण्यात पुणेकर कारागिराइतका तयार माणूस देशात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

ठिपका हरवतो तेव्हा

ज्यांनी आयुष्यभर माशीवर नजर ठेवली, त्यांच्या हातात रेड डॉटचं पिस्तूल दिलं, की पहिला अनुभव निराशेचा असतो. पिस्तूल वर आलं, खिडकी दिसते, ठिपका नाही. मनगट जरासं वर झुकलं, तरी ठिपका खिडकीबाहेर जातो. माशी निदान वाकडी तरी दिसायची आणि हात सुधारता यायचा. ठिपका दिसला नाही, तर तो कुठल्या बाजूला गेला हेही कळत नाही. मग नेमबाज पिस्तूल हलवत ठिपका शोधत बसतो आणि मौल्यवान क्षण जातो. यावर उपाय एकच, मूठ आणि मनगट रोज तेच ठेवण्याचा कोरडा सराव. रिकामं पिस्तूल, पुन्हा पुन्हा म्यानातून वर, नजर भिंतीवरच्या एका खुणेवर, ठिपका आपोआप तिथे येईपर्यंत.

दुसरा धक्का हाताच्या कंपाचा. माशीने लपवलेली प्रत्येक थरथर ठिपका उघडी करतो. नवखा माणूस ठिपका लक्ष्याच्या मधोमध थांबण्याची वाट पाहतो आणि थांबला असं वाटताच चाप झटक्यात ओढतो. गोळी खाली जाते. ठिपका थोडा हलणारच, तो लक्ष्याच्या आत हलतो आहे तोवर चाप सावकाश दाबत राहायचं, हे शिकायला गोळ्या लागतात, वेळ लागतो आणि पाठीशी समजूतदार प्रशिक्षक लागतो. बालेवाडीच्या हॉलमधली ती मुलगी खाच-माशीने हेच शिकते आहे. तिला उद्या ठिपका दिला, तर ती पटकन जमवेल.

महाराष्ट्रात पोलीस किंवा अन्य दलांसाठी पिस्तुलं आणि साइट घेण्याचा विचार करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. साइट बंद पेटीचीच घ्या, बॅटरी बाजूने किंवा वरून बदलता येणारी घ्या, आणि साइट, स्लाइडची खाच व स्क्रू एकाच पुरवठादाराच्या जबाबदारीवर घ्या, म्हणजे बिघाड झाला तर एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही. पावसाळ्यातली चाचणी पावसाळ्यातच घ्या. दरवर्षी एक ठरलेली तारीख धरून सगळ्या बॅटऱ्या एकदम बदला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचे डोळे साइट देण्याआधी तपासा. आणि साइटच्या किमतीएवढीच रक्कम सरावाच्या गोळ्यांसाठी त्याच निविदेत धरा. ती तरतूद नसेल, तर साइट घेऊ नका.